गोबरगॅसची नाडी

"वन्सं, तुमच्या भाच्यानं माझ्या गोबरगॅसला ताप मोजायची कांडी लावलीय. आता काय म्हणावं ह्या पोराला!"

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात वहिनीचा असा फोन आला, तेव्हा मी कॉलेजात पेपर तपासत बसले होते. आधी हसू आलं. मग उत्सुकता वाटली. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यातलं. घरी दोन म्हशी, एक गाय, एक कालवड आणि परसात दोन घनमीटरचा गोबरगॅस. भाचा कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी त्याला काहीतरी 'उपयोगी' करायचं होतं आणि त्याची नजर परसातल्या त्या घुमटावर गेली.

गोबरगॅस म्हटलं, की आपल्याला वाटतं त्यात काय मोजायचं? शेण घालायचं, पाणी घालायचं, गॅस यायचा. मी रसायनशास्त्र शिकवते, तरी इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं. पण त्या एका कांडीमुळे आमच्या घरात पुढं जे घडलं, त्यातून मी बरंच शिकले. ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

शेण कमी पडलं का?

मुळात भांडण होतं ते हिवाळ्याचं. दर वर्षी दिवाळी झाली, की आमचा गॅस मंदावतो. उन्हाळ्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक होऊन चहाही निघतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र संध्याकाळच्या भाकरी अर्ध्यावर आल्या, की ज्योत बारीक व्हायला लागते. मग वहिनी उरलेल्या भाकरी सिलिंडरवर भाजते. आणि मग दादाचं ठरलेलं वाक्य, "शेण कमी घातलं असशील."

हे वाक्य वहिनी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. आधी सासूबाईंकडून, म्हणजे माझ्या आईकडून, आणि आता दादाकडून. दादा काही वाईट माणूस नाही. पण गोबरगॅसचं सगळं काम बाईनं करायचं आणि गॅस कमी आला, की चूकही बाईचीच, हा हिशेब आपल्याकडे कुणी तपासूनच पाहिलेला नसतो.

यात पैशाचाही प्रश्न असतो. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण ४३० ग्रॅम एलपीजी. रोज दीड घनमीटर गॅस मिळाला, तर महिन्याला एका सिलिंडरहून जास्त बचत होते. म्हणजे गॅस निम्म्यावर आला, तर त्याची झळ थेट घरखर्चाला बसते, आणि घरखर्च वहिनी बघते.

भाच्यानं काय केलं? तीन गोष्टी मोजायला घेतल्या. एक, आतल्या शेणकाल्याचं तापमान. स्टीलच्या बंद नळीत बसवलेला छोटा सेन्सर त्यानं स्लरी बाहेर पडते त्या कुंडीतून खोल आत सोडला. दोन, स्वयंपाकघरात जाणाऱ्या पाइपवर गॅस मोजायचं मीटर. तीन, रोज घातलेल्या शेणाचं वजन. हे तिसरं काम यंत्राचं नव्हतं. आईच्या हातात त्यानं ताणकाटा दिला. गोठ्याच्या भिंतीवर एक डबी बसवली, तिच्यात सिमकार्ड. दर अर्ध्या तासाला आकडा मोबाइलवर.

महिन्याभरानं त्यानं आलेख काढला. मी तेव्हा संक्रांतीला गेले होते. त्यानं लॅपटॉप दादासमोर ठेवला. वर एक सरळसोट रेघ, ती शेणाची. रोज ४८ ते ५२ किलो, एकही दिवस कमी नाही. खाली उतरत गेलेली निळी रेघ गॅसची. आणि तिच्या जोडीनंच उतरलेली लाल रेघ तापमानाची, २६ अंशांवरून २२ वर.

"अण्णा, शेण कमी पडलेलं नाही. आत थंडी पडलीय," भाचा म्हणाला.

दादा बराच वेळ त्या रेघांकडं बघत बसला. मग म्हणाला, "मग पावसाळ्यात थंड हवेला का कमी येत नाही?" त्यावर पोरानं जुलै-ऑगस्टचंही मोजून दाखवीन म्हणून सांगितलं. वहिनी काहीच बोलली नाही. चहा टाकायला उठली. पण स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वन्सं, बावीस वर्षांत पयल्यांदा कुणीतरी कागदावर लिवून दिलं, की मी काम करतीय."

विरजणाचीच गोष्ट

मैत्रिणींनो, गोबरगॅस ही तुमच्या-माझ्या ओट्यावरच्या विरजणाचीच मोठी बहीण आहे. दुधाला विरजण लावलं, की उन्हाळ्यात चार-पाच तासांत दही लागतं. थंडीत आपण पातेलं टॉवेलात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवतो. का? कारण दही आपण लावत नाही, ते जिवाणू लावतात आणि त्यांना ऊब लागते. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, तेही त्यामुळंच.

घुमटाच्या आत हवा नसते. तिथं वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांच्या टोळ्या पाळीनं काम करतात. पहिली टोळी शेणातले मोठे घटक फोडते. दुसरी त्यांची आम्लं बनवते. त्यानंतरची टोळी त्या आम्लांचं व्हिनेगरातलं आम्ल आणि हायड्रोजन करते, आणि शेवटची टोळी त्यापासून मिथेन बनवते. मिथेन म्हणजे जळणारा भाग. चांगल्या गोबरगॅसमध्ये तो ५५ ते ६० टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, ज्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. मिथेनवाल्या टोळीला ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. ती सगळ्यांत नाजूक आणि वाढायला सगळ्यांत सावकाश. आमच्या घुमटात २२ अंश म्हणजे तिनं गोधडीतून बाहेरच यायचं नाही.

उपाय अगदी साधा निघाला. आलेख मोठा करून पाहिला, तेव्हा लाल रेघ रोज सकाळी सहाच्या सुमाराला आणखी खाली जात होती. ती वहिनीची शेणकाला घालायची वेळ. रात्रभर उघड्यावर थंड झालेल्या टाकीतलं पाणी! वहिनी म्हणाली, "मी तर केव्हाची म्हणतीय, दुपारच्या उन्हानं तापलेल्या पाण्यानं कालवूया. पण गोठा झाडला की लगेच घालायचं, असा आत्याबाईंचा नेम होता." आईचा नेम मोडायला डबीतला आकडा लागला. गोठ्याच्या पत्र्यावर काळा रंग दिलेला ड्रम ठेवला, शेणकाला दुपारी एकला घालायला सुरुवात केली आणि घुमटावर उसाच्या पाचटाचा जाड थर दिला. दोन-तीन आठवड्यांत आतलं तापमान दोन अंशांनी चढलं. उन्हाळ्याइतका गॅस आला नाही. पण संध्याकाळच्या भाकरी पुऱ्या व्हायला लागल्या.

गोबरगॅस आपल्याकडे नवा नाही. पन्नासच्या दशकात जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' हे तरंगत्या टाकीचं संयंत्र केलं आणि पुढं साठच्या दशकात खादी आयोगानं ते गावोगाव नेलं. विटांच्या बंद घुमटाचं 'दीनबंधू' संयंत्र १९८४ मध्ये आलं. आमच्या परसात आहे ते त्याच जातीचं. पण या सगळ्या वर्षांत आत काय चाललंय हे कळायला आपल्याकडे ज्योतीशिवाय आणि फार तर पाणी भरलेल्या यू-आकाराच्या नळीशिवाय काही नव्हतं. नळीतलं पाणी दाब दाखवतं, एवढंच. आता शे-दोनशे रुपयांत तापमानाचा सेन्सर मिळतो, ही खरंच मोठी गोष्ट आहे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की ही यंत्राच्या विजयाची गोष्ट. थांबा. खरी गोष्ट पुढं आहे.

मसालेभाताचा प्रताप

मार्चमध्ये भाचीचा साखरपुडा झाला. पाहुणे कमी आले आणि मसालेभाताची दोन मोठी पातेली उरली. जिलेबीचा पाकही बादलीभर. दादानं कुठंतरी वाचलं होतं, की पुण्यातल्या 'आरती' या संस्थेनं स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर चालणारा छोटा बायोगॅस केला आणि त्याला २००६ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ते खरंच आहे. पिठूळ आणि गोड पदार्थांपासून शेणापेक्षा कितीतरी जास्त आणि लवकर गॅस मिळतो. म्हैस चाऱ्यातलं सत्त्व आधीच काढून घेते, शेणात राहतं ते उरलेलं. भातात मात्र सगळंच शिल्लक असतं. दादानं हिशेब केला आणि दोन्ही पातेली पाकासकट कुंडीत ओतली. निदान पन्नास किलो भात!

दुसऱ्या दिवशी भाचा मोबाइल नाचवत आला. "आत्या, बघ! गॅस दीडपट!" निळी रेघ खरंच उभी चढली होती. दादा खूश. मेसेज त्या दोघांच्याच मोबाइलवर यायचे, त्यामुळं खुशीही दोघांचीच.

वहिनी ओट्यापाशी होती. म्हणाली, "गॅस हाय, पण ज्योत ठरंना. भांड्याखालनं उडतीय. आन् सकाळी कुंडीपाशी गेले तर वास आंबूस. शेणाचा न्हाई, शिळ्या ताकाचा. मी आज घालत न्हाई काही."

"आई, पीएच सात आहे. नॉर्मल आहे सगळं. तू घाल," भाचा म्हणाला. स्लरीचं पीएच तो रोज सकाळी छोट्या मीटरनं मोजायचा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप. सात म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल. गोबरगॅसला साधारण ६.८ ते ७.५ मानवतं. तिसऱ्या दिवशी ६.९. म्हणजे अजूनही हद्दीत. वहिनीनं नाइलाजानं शेणकाला घातला.

मला मात्र तिचा 'शिळ्या ताकाचा वास' काही स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या दिवशी सांगलीला परतताना मी स्लरीची बाटली घट्ट बूच लावून, चार वर्तमानपत्रांत गुंडाळून पर्समध्ये घातली. कंडक्टर दोनदा माझ्या सीटजवळ येऊन नाक मुरडून गेला. मी खिडकीबाहेर बघत राहिले! कॉलेजच्या प्रयोगशाळेत संध्याकाळी ब्यूरेट लावून बसले.

या कामाची एक जुनी, साधी पद्धत आहे. गाळलेल्या स्लरीत थेंब थेंब ठरावीक तीव्रतेचं आम्ल सोडायचं. पीएच पाचवर येईपर्यंत किती लागलं, त्यावरून स्लरीची क्षारता कळते. पुढं ४.४ पर्यंत आणखी किती लागलं, त्यावरून साठलेल्या आम्लांचा अंदाज येतो. आम्लाला क्षारतेनं भागायचं. उत्तर ०.३ ते ०.४ आलं, तर पचन नीट चाललंय. ०.५ च्या वर जायला लागलं, तर सावध व्हायचं. आमचं उत्तर आलं ०.८!

मी लगेच फोन लावला. "वहिनी, तुम्हीच बरोबर. घालणं बंद करा."

मग पीएच ६.९ कसं? मी माझ्या वर्गात हे असं समजावते. समजा, नवऱ्याचा पगार अचानक निम्मा झाला. दुसऱ्या दिवशी घरात काही फरक दिसतो का? नाही. दूध येतं, भाजी येते, मुलांची फी जाते. कारण बाईनं तांदळाच्या डब्यात काहीतरी साठवून ठेवलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला घर ठणठणीत. पण डबा रोज थोडा थोडा रिकामा होत असतो, आणि ज्या दिवशी तो संपतो, त्या दिवशी एकदम सगळं कोसळतं. स्लरीतली क्षारता म्हणजे हा डबा. भात-पाकापासून आम्लवाल्या टोळीनं भराभर आम्लं बनवली. सावकाश वाढणाऱ्या मिथेनवाल्या टोळीला ती संपवता येईनात. साठलेलं आम्ल क्षारता पोटात घालत राहिली. तोवर पीएच हललंच नाही. आणि निळी रेघ चढली ती कशानं? कार्बन डायऑक्साइडनं. मीटर गॅस मोजत होतं. तो जळतो की नाही, हे त्याला कुठं ठाऊक? भाच्यानं पुढं कॉलेजातून गॅस तपासायचं इन्फ्रारेड यंत्र आणलं. मिथेन इन्फ्रारेड किरण शोषून घेतो, त्यावरून त्याचं प्रमाण कळतं. ते भरलं चाळीस टक्क्यांच्याही खाली. म्हणून ज्योत ठरत नव्हती.

आणखी एक बारकावा आहे. पोरगं नमुना घेत होतं बाहेर पडणाऱ्या कुंडीतून, म्हणजे आत बरेच दिवस मुरलेल्या स्लरीचा. वहिनीचं नाक होतं आत जाणाऱ्या कुंडीपाशी, जिथं भात पडला होता. आजार सुरू होतो तिथं ती रोज उभी राहत होती. सेन्सर कुठं बसवायचा, हे तिला विचारलंच नव्हतं कुणी.

सहाव्या दिवशी पीएच ६.२ वर आलं आणि गॅस जवळजवळ थांबला. तेव्हा डबीनंही इशारा दिला! मग इलाज सुरू झाला. दहा दिवस उपास. शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या गोबरगॅसमधून दहा-बारा बादल्या स्लरी आणून ओतली, हे विरजण. अगदी थोडी चुन्याची निवळी, तीही मोजून, कारण चुना जास्त झाला, तर पुन्हा वेगळंच बिघडतं. मग अर्धं शेण, मग पाऊण. ज्योत पुन्हा निळी व्हायला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत एक सिलिंडर संपला आणि अंघोळीचं पाणी चुलीवर तापलं. वहिनी डोळे चोळत एवढंच म्हणाली, "गॅस माझा आन् मेसेज त्यांना!"

मोठ्या घरची तीच गत

पुढं मी या विषयावर वाचत गेले. इंदूरमध्ये १९ फेब्रुवारी २०२२ रोजी रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. रोज १७ हजार किलो सीएनजी हे त्याचं उद्दिष्ट. अशा प्रकल्पांत टाक्यांत ढवळणारी यंत्रं असतात, तापमान कायम ठेवलेलं असतं, गॅसचा प्रवाह, दाब, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड हे सगळं अखंड मोजलं जातं. शुद्ध करून वाहनात भरायच्या गॅसमध्ये मिथेन ९० टक्क्यांच्या वर लागतो, त्यामुळं मोजण्यावाचून गत्यंतरच नाही. संगणक रोजच्या आकड्याची मागच्या आठवड्याच्या सरासरीशी तुलना करतो. शेण किंवा कचरा तेवढाच, तापमान तेवढंच आणि तरी मिथेनचा टक्का उतरतोय, तर काहीतरी बिनसतंय, हे तो आधी सांगू पाहतो.

पण तिथंही आम्ल-क्षारतेचा तो ब्यूरेटचा प्रयोग प्रयोगशाळेत माणसंच करतात. तिथंही पीएचची कांडी स्लरीनं माखते, तिच्यावर थर बसतो आणि ती खोटं सांगायला लागते. ती धुऊन, ठरावीक द्रावणात बुडवून पुन्हा पुन्हा तपासावी लागते. आणि आठवडी बाजार, लग्नसराई, सणवार यांनी कचऱ्याची जात बदलली, हे टाकीच्या आतल्या सेन्सरला आधी कळत नाही. कचरा वेगळा करणाऱ्या हातांना कळतं. हे हात बहुतेक बायकांचेच असतात.

नाक फसतं तेव्हा

म्हणजे यंत्रापेक्षा बाईचं नाक खरं, असं म्हणून मी लेख संपवला असता. पण मे महिन्यात जे झालं, त्यामुळं तसं म्हणायची माझी हिंमत नाही.

मार्चच्या त्या प्रकारानंतर आत साय धरून कडक थर झाला असेल, अशी दादाला शंका. त्यानं घुमट उघडून साफ करायचं ठरवलं. स्लरी बरीचशी उपसली, वरचं झाकण काढलं. मी सुट्टीला तिथंच होते. वहिनी बादली घेऊन तोंडाशी वाकलेली. म्हणाली, "मघाशी कुजक्या अंड्यागत लई वास मारत होता. आता गेला बघा. उतरायला हरकत न्हाई."

भाच्यानं कॉलेजातून एक मुठीएवढं यंत्र आणलं होतं, विषारी वायूचा इशारा देणारं. ते त्यानं दोरीला बांधून आत सोडलं. दोन हात खाली गेलं असेल नसेल, ते किंचाळायला लागलं. लाल दिवा, भोंगा, थांबायचं नाव नाही.

माझ्या अंगावर काटा आला. कारण हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि त्या क्षणी आठवलंच नव्हतं. हायड्रोजन सल्फाइड थोडा असतो तेव्हा वास येतो. तो वाढला, की नाकाची वास ओळखायची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असं नाही; उलट तेव्हाच तो जिवावर उठलेला असू शकतो. शिवाय आत प्राणवायू नसतो. सेप्टिक टाकीत, गोबरगॅसमध्ये एक माणूस उतरतो, पडतो आणि त्याला काढायला गेलेले दुसरे-तिसरेही पडतात, या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. मी वहिनीचा हात धरून तिला मागं ओढलं. पुढं चार दिवस घुमट तसाच उघडा ठेवला, साफसफाई वरूनच लांब दांड्याच्या फावड्यानं केली. कुणीही आत उतरलं नाही.

रात्री अंगणात बसलो असताना वहिनी म्हणाली, "आंबूस वास माझ्या नाकाला कळला, पर ह्यो न्हाई कळला. म्हंजी दोघंबी पायजेत."

एवढं बोलून ती लसूण सोलायला लागली. माझ्या सगळ्या वाचनाचं सार त्यात आलं होतं.

तुमच्याकडे असेल तर

तुमच्या परसात गोबरगॅस असेल किंवा सोसायटीत ओल्या कचऱ्याचा छोटा बायोगॅस असेल, तर काही गोष्टी आजपासून करता येतील. त्यासाठी इंजिनिअर भाचा असायलाच हवा, असं नाही.

रोज घातलेलं शेण किंवा ओला कचरा तोला आणि वहीत लिहा. ज्योतीचा रंग आणि ती किती वेळ चालली, तेही लिहा. निळी, ठरलेली ज्योत म्हणजे तब्येत ठीक. एकदम जास्त भात, पीठ, गोड किंवा फळांचा ढीग घालू नका. नवं खाद्य चमच्या-चमच्यानं वाढवा, तान्ह्या बाळाला वरचं अन्न सुरू करतो तसं. थंडीत उन्हात तापलेलं पाणी वापरा. गॅस वाढला पण ज्योत ठरत नाही आणि वास आंबूस, तर त्या दिवसापासून घालणं थांबवा. आकडा बिघडायची वाट बघू नका. पाइपच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती बघा. मिथेन हवेत सुटला, तर आपलं नुकसान आहेच, शिवाय पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीनं जबर. आणि झाकण उघडलेल्या घुमटात, टाकीत कुणीही, कितीही अनुभवी असो, उतरायचं नाही.

सेन्सर बसवणार असाल, तर मात्र एक करा. तो कुठं बसवायचा, हे रोज तिथं काम करणाऱ्या बाईला विचारा, आणि त्याचा मेसेज तिच्याच मोबाइलवर येऊ द्या.

आमच्याकडे आता तसं झालंय. भाच्याचा प्रोजेक्ट केव्हाच जमा झाला, त्याला नोकरी लागली, पण डबी भिंतीवर आहे. मेसेज मराठीतून वहिनीच्या मोबाइलवर येतो. तापमान, गॅस, पीएच, अशा रकान्यांपुढं त्यानं तक्त्यात एक नवा रकाना जोडलाय. त्याचं नाव 'आईचा शेरा'. तिथं वहिनी रोज दोन-चार शब्द लिहिते. वास कसा, ज्योत कशी, म्हशीला चारा कोणता बदलला, घरी किती पानं होती. भाचा पुण्याहून ते वाचतो आणि म्हणतो, आत्या, आकड्यांचा अर्थ या रकान्यामुळं लागतो.

परवा मी माहेरी निघाले, तेव्हा त्यानं मला त्या दिवसाची नोंद मोबाइलवर पाठवली. तापमान २७, पीएच ७.१. आणि पुढं आईचा शेरा : 'वास नीट. ज्योत निळी. वन्सं येणार, भाकरी जास्त लागतील.'